चाळीस लाखांची फाइल : एका घरातल्या निर्णयाचं प्रकरण

हे प्रकरण २०२५ च्या पदवीधर बॅचमधलं. मुलगा मेकॅनिकलचा, पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात शिकलेला. वडील सांगली जिल्ह्यातल्या एका एसटी आगारात मेकॅनिक, आई घरीच शिवणकाम करते, धाकटी बहीण तेव्हा अकरावीत. मी त्याच विभागात शिकवतो आणि तिसऱ्या वर्षापासून त्याच्या बॅचचा जीएफएम होतो, म्हणजे हजेरी कमी पडली की पालकांना फोन लावणारा माणूस. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. खर्चाचे आकडे त्या घराच्या वहीतले, थोडे गोल केलेले.

सातवं सेमिस्टर संपताना, डिसेंबर २०२४ मध्ये, मुलापुढे तीन वाटा होत्या. एका मोठ्या आयटी कंपनीचं ऑफर लेटर, वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासचं. जॉइनिंगची तारीख कोरी. चाकणच्या एका टूलिंगच्या कारखान्यात त्याने तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत इंटर्नशिप केली होती, तिथून तोंडी निरोप होता की ट्रेनी म्हणून घेतो, महिना बावीस हजार. आणि पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीने तयार केलेली अमेरिकेतल्या एमएसची, म्हणजे पदव्युत्तर पदवीची, फाइल : दोन वर्षं, चाळीस लाख. आई-वडिलांना पहिली वाट माहीत होती, दुसरी नव्हती. तिसरीसाठी त्यांची सही हवी होती.

घरच्यांना फाइलचा धक्का बसला तो रकमेचा, असं सगळ्यांना वाटलं. मलाही आधी तेच वाटत होतं. पण नंतर आई-वडिलांशी सविस्तर बोलणं झालं तेव्हा ते रकमेपाशी कमी आणि मागच्या चार वर्षांपाशी जास्त थांबत होते. पोरगा इथपर्यंत कसा आला हे आपल्याला ठाऊकच नाही, ही त्यांची खरी बोच होती. म्हणून आधी ती चार वर्षं.

ही बॅच बारावीला बसलीच नाही. २०२१ ची लेखी परीक्षा रद्द झाली, दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीचे ४० टक्के धरून निकाल लागला. मग सीईटी, मग केंद्रीय प्रवेशाच्या लांबलेल्या कॅप राऊंड. पुण्यातलं कॉलेज मिळालं आणि नेमका त्याच सुमारास एसटीचा संप पेटला. विलीनीकरणाच्या मागणीसाठी २०२१ च्या दिवाळीच्या आसपास सुरू झालेला तो संप उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्ये मिटला. वडील संपात होते. पगार बंद, निलंबनाची टांगती तलवार, आणि कॉलेजची पहिली फी त्याच हिवाळ्यात. आईने पाटल्या गहाण ठेवल्या, मामाने काही दिले. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीमुळे ट्यूशन फीचा निम्मा भार उतरला. पण खोली, मेस आणि प्रवास कुठल्याच योजनेत बसत नाहीत, आणि पुण्यात शिकणाऱ्या मुलाचं घर त्यातच वाकतं.

या घरात एक नियम तेव्हाच पडला, कुणी न सांगता. पोराने पैशाचं टेन्शन घ्यायचं नाही, आपण अभ्यासाचं विचारायचं नाही. रोज रात्री नऊच्या सुमारास फोन. जेवलास का, मेस बरी आहे का, पैसे पुरतात का. तिकडून हो, हो, हो. दीड-दोन मिनिटांत फोन बंद.

दुसऱ्या वर्षी मुलाला एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, केटी लागली : नापास, विषय पुन्हा द्यायचा. मेकॅनिकलमध्ये एम-थ्रीची केटी ही काही जगबुडी नव्हे, वर्गातली बरीच मुलं त्यातून जातात. पण त्याने घरी सांगितलं नाही. आईच्या वहीत मात्र ती नोंद आहे. शाळेची दोनशे पानी वही, डाव्या पानाला महिन्याची जमा आणि उजवीकडे मुलाचा खर्च : खोली, मेस, पास, झेरॉक्स, सबमिशन. एका ठिकाणी ‘परीक्षा फॉर्म’ लिहिलंय आणि त्याच्याच खाली, वेगळ्या तारखेला, पुन्हा ‘परीक्षा फॉर्म’, रक्कम लहान. त्या दुसऱ्या ओळीपुढे पेन्सिलीने एक बारीक फुली आहे. आईला तेव्हाच कळलं होतं. तिने विचारलं नाही. ‘त्याला वाईट वाटलं असतं,’ ती म्हणाली. पुढच्या खेपेला विषय निघाला, म्हणजे तो पास झाला, फुलीचं काम संपलं, आणि याबद्दल घरात पहिल्यांदा बोलणं झालं ते पदवी हातात आल्यावर.

वडिलांचं गप्प राहणं वेगळ्या जातीचं. माणूस इंजिनाचा आवाज ऐकून कुठला इंजेक्टर बसलाय ते सांगणारा. कॉलेजच्या पालक मेळाव्याला आला तेव्हा सर्वांत मागे, दाराजवळ उभा. ‘हजेरी कशीय सर?’ एवढंच विचारलं. वर्कशॉप बघायला चला म्हटलं तर आले, लेथच्या बेडवरून हात फिरवला, आणि तेल कमी आहे असं आमच्या असिस्टंटला हळूच सांगून गेले. मुलगा शेजारीच उभा होता. बापलेकांत त्या यंत्राबद्दल अक्षर बोललं गेलं नाही. आपण आयटीआयवाले, तो इंजिनियर होणार, आपण मध्ये तोंड घालायचं नाही, हा हिशोब त्यांनी मनाशी पक्का केलेला.

आमच्याकडे येणाऱ्या पालकांत हे फार दिसतं. मुलाच्या शिक्षणाबद्दल बेफिकीर म्हणून ते दूर राहत नाहीत. त्या शिक्षणाचा मान राखायचा म्हणून राहतात. पण ती जागा रिकामी राहत नाही. कुणीतरी बसतंच तिथं.

इथं कन्सल्टन्सी बसली. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी रूमपार्टनरबरोबर मुलगा एका सेमिनारला गेला. मार्गदर्शन फुकट. फुकट कसं परवडतं हे विचारायला बरोबर कुणी मोठं नव्हतं. अशा बऱ्याच संस्थांना ठरावीक विद्यापीठांकडून प्रवेशामागे कमिशन मिळतं, त्यामुळे यादीत कोणती विद्यापीठं येणार हे बऱ्याच अंशी आधीच ठरलेलं असतं. यात बेकायदा काही नाही, पण त्यांचा सल्ला घेताना माहीत असायला हवं. याच्या यादीतली बहुतेक विद्यापीठं जीआरई ही प्रवेश परीक्षा न मागणारी, फी भरपूर असलेली, आणि मेकॅनिकलच्या मुलाला ‘इंजिनियरिंग मॅनेजमेंट’ला घेणारी होती. त्याला जायचं होतं मॅन्युफॅक्चरिंगला. ते मागे पडलंय हे त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. फाइल छान होती, तीत पत्रं होती, तारखा होत्या. चार वर्षांत त्याच्या पुढच्या आयुष्याबद्दल इतकं बारकाईने बोलणारं दुसरं कुणी त्याला भेटलं नव्हतं.

जानेवारीत फाइल गावी गेली. वडिलांनी दोन दिवसांत बँक गाठली.

पुढचा भाग सविस्तर सांगतो, कारण अशा घरांत निर्णय इथंच अडतो किंवा इथंच फसतो. राष्ट्रीयीकृत बँका शैक्षणिक कर्ज साधारण साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय देतात. त्यापुढे स्थावर तारण लागतं. घराकडे तारण म्हणून होतं काय? गावठाणातलं घर, ग्रामपंचायतीच्या आठ-अ वर अजून आजोबांच्या नावाने. शेती सव्वा एकर, पण शेतजमीन बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला तारण घेत नाहीत. म्हणजे घरच. आणि घर एकट्याचं करायचं तर दोन चुलत्यांचं हक्कसोडपत्र.

तारणाशिवाय देणाऱ्या खासगी वित्तसंस्था होत्या, कन्सल्टन्सीनेच त्यांचा माणूस गाठून दिला. व्याज बारा टक्क्यांच्या पुढे, आणि शिक्षण चालू असतानाच दरमहा व्याजाचा काही भाग भरायचा. पूर्ण चाळीस लाख उचलल्यावर बारा टक्क्यांनी नुसतं व्याजच महिन्याला चाळीस हजार होतं. वडिलांच्या हातात पडणारा पगार त्याहून कमी. त्यांनी तो कागद तिथंच परत दिला.

राहिली सरकारी बँक. साडेदहा टक्के धरू. शिक्षणाची दोन वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज साठतं. पैसे टप्प्याटप्प्याने उचलले तरी तीन वर्षांनी देणं पन्नास लाखांच्या घरात जातं. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता सव्वापंचावन्न हजार. मुलाला तिकडे डॉलरमध्ये पगार मिळाला तर हा हप्ता जड नाही, हे कन्सल्टन्सीचं म्हणणं खरंच होतं. सगळं त्या ‘तर’वर उभं. पदवीनंतर ओपीटीचं, म्हणजे तिथं काम करायच्या परवानगीचं, एक वर्ष, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, गणित) शाखा असेल तर आणखी दोन. त्यानंतर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिशाची सोडत, वर्षाला सर्व मिळून ८५,००० व्हिसे आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट. वडिलांचं वय त्रेपन्न, निवृत्ती २०३० मध्ये. हप्ते सुरू होणार २०२८ च्या उत्तरार्धात, संपणार २०४३ मध्ये. या तारखा मी एका कागदावर एकाखाली एक लिहून दिल्या, एवढाच माझा वाटा. २०४३ या आकड्यावर आईने बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

चुलत्यांकडे जाणं झालं. थोरल्यांनी नाही म्हटलं नाही. ‘सही करतो की. पण उद्या माझ्या पोरांनी मागितलं तर तूबी करायची,’ असं म्हणाले. बोलणं रास्त होतं, आणि त्यामुळेच जास्त अवघड. भांडण झालं असतं तर वडील हट्टाला पेटले असते. आईने परतीच्या वाटेवर निकाल दिला : घर तारण नाही. पोराला शिकवायला नाही म्हणत नाही, पण दोन जावा आणि त्यांची पोरं राहतात ते छप्पर आपल्या पोरासाठी बँकेत ठेवणार नाही.

मुलाने हे ऐकून आठवडाभर घरी फोन केला नाही. मला येऊन म्हणाला, ‘सर, त्यांना स्कोपच कळत नाही.’ मी वाद घातला नाही. इंटर्नशिपचं घरी सांगितलंस का, एवढं विचारलं. सांगितलं होतं, पण ‘ट्रेनिंग’ म्हणून. तिथं काय केलं ते नाही.

काय केलं होतं? एका पंपाच्या कव्हरला चार भोकं पाडायची, आणि ऑपरेटर प्रत्येक नगाला ते हाताने सारखं करून आवळत बसायचा. या मुलाने तिथल्या फोरमनच्या हाताखाली त्यासाठी फिक्श्चर, म्हणजे नग जागेवर धरून ठेवणारं साधन, बनवलं आणि पुढे त्याचंच सुधारित रूप शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून घेतलं. माझ्या मते त्या बॅचच्या चांगल्या तीन-चार प्रोजेक्टांपैकी तो एक होता. बाकीचे बरेच यूट्यूबवरून उचललेले असतात, हे आम्हालाही कळतं.

फेब्रुवारीत वडील कर्जाचे कागद परत न्यायला पुण्याला आले आणि मुलाच्या खोलीवर राहिले. टेबलावर प्रोजेक्टचं ड्रॉइंग पसरलेलं होतं. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघून म्हणाले, ‘हा क्लॅम्पचा दांडा ऑपरेटरच्या हाताला आडवा येतोय. डावखुरा असला तर बोट चेमटंल.’ मुलाने आधी वाद घातला, मग प्रिंट उलटी करून पाहिली. दांडा दुसऱ्या बाजूला घेतला. मला हे मुलाने व्हायवाच्या दिवशी सांगितलं, परीक्षकाने नेमका तोच प्रश्न विचारल्यावर.

दुसऱ्या दिवशी बाप चाकणला गेला, एकटाच, मुलाला न सांगता. गेटवर सिक्युरिटीने अडवलं. पोराने इथं काम केलंय म्हटल्यावर फोरमन स्वतः बाहेर आला. दोघं मिरज-जयसिंगपूर पट्ट्यातले निघाले, चहा झाला, आणि वडील अर्धा दिवस टूलरूममध्ये फिरत राहिले. त्यांनी काय पाहिलं ते त्यांच्याच शब्दांत : ‘मशिनी नव्या हायत, माणसं शिकवणारी हायत, पगार कमी हाय. पोरगं दोन वर्षं हितं राबलं तर परदेशात काय शिकायचं ते त्याचं त्याला कळंल. आत्ता गेलं तर दुसरं कोण सांगंल ते शिकून येईल.’

मार्चमध्ये ठरलं. अमेरिकेची फाइल बंद, चाकण घ्यायचं, आयटीचं पत्र आलं तर तेव्हा बघू. मुलाला हे मनापासून पटलेलं नव्हतं. शेजारच्या खोलीतले दोघे त्या वर्षी जात होते, आणि बावीस हजारांचा आकडा मित्रांत सांगताना त्याची मान खाली जायची. मे २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या, सप्टेंबरात नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, आणि नातेवाईक ‘बरं झालं नाही गेला’ म्हणू लागले. त्याचं श्रेय या घराला देता येत नाही. मार्चमध्ये यातलं काही कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी ठरवलं ते छप्पर आणि टूलरूम बघून. बातम्या उलट्या आल्या असत्या तरी मी तो निर्णय चूक म्हटला नसता. आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्यांचं मत वेगळं आहे. असा मुलगा एकदा शॉपफ्लोअरला चिकटला की बाहेर पडत नाही, वयाच्या बाविसाव्या वर्षी जोखीम नाही घ्यायची तर कधी, असं ते म्हणतात. त्यांचंही बघितलेलं आहे, ऐकीव नाही. पण जोखीम कुणाची, हे ते सांगत नाहीत. या प्रकरणात ती दोन चुलत्यांच्या कुटुंबांचीही होती.

निकालानंतर जुलैत आई-वडील पेढे घेऊन आले. आईने वही आणली होती, बहिणीच्या प्रवेशाच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून मीच मागितली होती. चार वर्षांची बेरीज तिने शेवटच्या पानावर केली होती : शिष्यवृत्ती वजा जाता साधारण साडेसात लाख. त्यातली फी तीन लाखांच्या आत. बाकी सगळं राहणं-खाणं, एक लॅपटॉप आणि प्रवास. वडिलांना फी हीच मोठी वाटत होती. वही पाहून ते चकित झाले.

मग दोघं बोलत राहिले. आई म्हणाली, ‘आम्ही चार वर्षं त्याला जेवलास का विचारलं. आज काय बनवलंस, असं एकदाबी विचारलं न्हाई. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यानं, असं आता वाटतंय.’ वडील त्यावर म्हणाले, ‘न्हाई सांगितलं असतं. आमच्या बापाला आम्ही कुठं सांगत हुतो?’ दोघांचं यावर एकमत झालं नाही. मला आईचं जास्त पटतं. मुलगा बोलायला कचरत होता ते बापाच्या अडाणीपणामुळे नव्हे. बाप इतकं सोसून गप्प आहे आणि आपल्याला केटी लागली, हे ओझं होतं. पैशाचं टेन्शन पोराला द्यायचं नाही म्हणून जे झाकलं, त्याचं टेन्शन त्याला पुरेपूर होतं. आकडा तेवढा माहीत नव्हता. आकडा कळला असता तर चाळीस लाखांची फाइल घरी आणण्याआधी त्याने स्वतःच दोनदा विचार केला असता. त्याला दाखवली तेव्हा त्याने वही शेवटपासून पहिल्या पानापर्यंत उलटी वाचली. फुलीपाशी थांबून आईकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘निघाला ना विषय, झालं.’

परदेशाचा विषय संपलेला नाही, पत्ता बदललाय. आता जर्मनी. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत मास्टर्सला फी जवळजवळ नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ पासून फी लावली आहे, ती दोन बाजूला ठेवली. खर्च आहे तो ब्लॉक्ड अकाउंटचा : महिना ९९२ युरोप्रमाणे वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवायचे, म्हणजे आजच्या दराने बारा लाखांच्या आसपास. पैसे आपलेच, महिन्याला तेवढे परत मिळतात. भारतीय अर्जदाराला एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्र सक्तीचं. त्याचा सीजीपीए ७.४, उत्तीर्णाची श्रेणी ४ धरली तर जर्मन सूत्राने २.३ येतो (तिथं आकडा जितका लहान तितका चांगला). बऱ्याच ठिकाणी २.५ पर्यंत चालतं, म्हणून बसतो. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. आईने यावेळी मर्यादा आधीच सांगून ठेवली आहे : तारणाशिवाय मिळेल तेवढंच कर्ज, साडेसात लाख, आणि वरचे त्याने पगारातून साठवायचे. बहिणीची फी त्यातून वजा धरायची नाही. ती २०२६ च्या सीईटीला बसते आहे. तिला मुलींच्या शुल्कमाफीची योजना लागू होते का, याची कागदपत्रं वडील आत्ताच जमवत बसलेत. आठ लाखांच्या आतलं उत्पन्न आणि कॅपमधून प्रवेश, या दोन अटी त्यांना आता तोंडपाठ आहेत.

मुलगा रविवारी जर्मनच्या वर्गाला जातो, ए-वन झालं, ए-टू चालू आहे. फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी फोन करतो आणि बाप विचारतो, आज कुठला जॉब होता.

आयटी कंपनीचं जॉइनिंगचं पत्र शेवटी नोव्हेंबरात आलं, पगार तोच, गाव बंगळूर. त्याने घरी विचारून नकार कळवला. आई लगेच हो म्हणाली. वडिलांनी दोन दिवस घेतले. एवढ्या मोठ्या कंपनीचं आलेलं पत्र परत करायचं हे त्यांना अजून पटलेलं नाही, आणि तसं ते मुलाला फोनवर अधूनमधून ऐकवतात.